आबांची अक्षरं आणि माझा ब्रश

शिरूर तालुक्यात आमच्या लेण्याइतकं चकचकीत लेणं दुसरं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. लेणी कशी असतात? काळी, ओलसर, वटवाघळांच्या वासाची. आमचं लेणं असं झळकत होतं की पौर्णिमेला दौंडहून आलेल्या एका वहिनींनी भिंतीत बघून केस सारखे केले. ती झळाळी मी आणली होती. कुरकुंभच्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांना आतून मारतात तो एपॉक्सी. करडा रंग, दोन हात, वर माझी देखरेख.

लेणं म्हणजे फार मोठं काही नाही. निमोण्याहून आमच्या गावाकडं येताना डाव्या हाताला माळ लागतो. त्या माळावर, डोंगर म्हणायला संकोच वाटेल असं एक टेकाड आहे आणि त्याच्या पोटात दगड कोरून केलेल्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत भिंतीलगत दगडी बाक. बाहेर ओटा, ओट्यावर दोन खांबांची बुडखी. खांब कधी पडले ते कुणालाच माहीत नाही. गावातले लोक त्याला पांडवांची खोली म्हणतात, आम्ही बौद्धवस्तीतले लेणं म्हणतो. वर्षभर तिथं शेळ्या बसतात आणि वैशाखी पौर्णिमेला आम्ही मेणबत्त्या लावतो. शेळ्यांनी दोन्हींपैकी एकाही नावाला कधी हरकत घेतलेली नाही.

पावसाळ्यात मात्र आत घोटाभर पाणी साचायचं. छत गळायचं, भिंती पाझरायच्या. त्या वर्षी पौर्णिमेला भंतेजी येणार, पाहुणे येणार, म्हणून वस्तीची बैठक भरली. कुणी म्हणालं चुना काढू, कुणी म्हणालं फरशी बसवू. मी उठलो. कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी. म्हटलं, "चुना एका पावसाचा. ज्या रंगाला ॲसिड काही करत नाही, त्याला आपला पाऊस काय करणार?" टाळ्या पडल्या. शटडाऊनमध्ये टाक्यांचं काम नुकतंच उरकलं होतं, उरलेले डबे कंत्राटदार टाकूनच देणार होता. ते मी मागून घेतले. एका रविवारी त्याचा एक पेंटरही मागून घेतला. बिहारचा, अबोल माणूस. चौफुल्यापासून न्हावऱ्यामार्गे तो माझ्या मोटरसायकलवर आला, दोन्ही मांड्यांवर दोन डबे सांभाळत, चेहऱ्यावर शेवटची इच्छा विचारली जात असल्यासारखा भाव घेऊन.

गावाच्या वेशीवर सोसायटीचे चेअरमन भेटले. शाळेत आम्ही एकाच बाकावर होतो, त्यामुळे माझ्याशी ते चेअरमनसारखे कधी वागत नाहीत.

"काय रं, पांडवांच्या खोलीला रंग देतूस व्हय? धर्मराजाला इचारलं का, कंचा पायजे?"

"इचारलं. म्हनला, चेअरमनच्या बंगल्याचा सोडून कंचाबी दे."

ते हसले. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "चेष्टा राहू दे. लेणं असंल तर लेख असतो म्हणत्यात. अक्षरं दाव मला एकदा. उद्यापास्नं मी बी लेणं म्हनतो, ग्रामपंचायतीत ठराव करून देतो."

अक्षरं होती. ती आबांची होती.

आबा म्हणजे माझे चुलते. दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होते. सगळी नोकरी गाड्यांना ह्या रुळावरून त्या रुळावर घालण्यात गेली. तरुणपणी सुट्टीला आले की लेण्यात जाऊन बसायचे. आतल्या खोलीच्या दाराशेजारी दोन ओळी कोरलेल्या होत्या, बोटभर उंचीची अक्षरं. वाचता कुणालाच येत नव्हती. आबांनी ती वाचली नाहीत, पाठ केली, आणि तीही यार्डातल्या माणसाच्या पद्धतीनं. उभी रेघ म्हणजे खांब. तिला खाली दोन पाय फुटले की फाटा. फुलीसारखं असेल ते क्रॉसिंग. चौकोन म्हणजे डबा. नुसता गोल म्हणजे कडी आणि गोलात टिंब असलं की आसाचं चाक. वरच्या ओळीत नऊ, खालच्या ओळीत पाच. पुढे काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा आबा ती बोटांनी वाचू लागले. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना तिथं नेऊन सोडायचो. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि बोट सरकवत म्हणायचे, "खांब, फाटा, डबा, क्रॉसिंग, कडी…" गाडी नीट जोडली आहे की नाही ते तपासत असल्यासारखे. मी बाहेर ओट्यावर मोबाइल बघत बसायचो.

रंगाच्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बजावलं होतं.

"काय मारायचं त्ये मार. पर माझ्या अक्षरांच्या वर एक वीत आन् खाली एक वीत सोड. तिथं हात लावू नगंस."

"आबा, तुमच्या अक्षरांना मी फ्रेम करून देतो बघा," मी म्हणालो, आणि खडूनं झोकात चौकट आखली.

एपॉक्सीची एक गंमत आहे. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. वेगवेगळे असले तर महिनोन्‌महिने पडून राहतील. एकत्र केले की घड्याळ सुरू. डब्यावर चाळीस मिनिटं लिहिली होती. चैत्रातल्या दुपारी, तापलेल्या माळावर, त्याची वीसही उरत नाहीत. मग ते मिश्रण गरम होतं, धूर सोडतं आणि ब्रशसकट दगड होऊन बसतं. शेवटचं मिश्रण मी हात सैल सोडून केलं. छत झालं, भिंती झाल्या, तरी ट्रेमध्ये बरंच उरलं आणि तापायला लागलं. पेंटर बाहेर गेला होता. आत मी एकटा, हातात भरलेला ब्रश, समोर खडूची चौकट.

चौकटीच्या कडेनं एक बारीक भेग गेली होती. म्हटलं, एवढी भेग तरी भरू, नाहीतर पाणी यायचं. भेग भरताना ब्रश चौकटीच्या आत चार बोटं गेला. मग ते वेडंवाकडं दिसायला लागलं. मग उरलेला माल वाया जाणार, असं मनात आलं. हातातला माल वाया जाऊ द्यायचा नाही, ही शिफ्टमध्ये अंगात मुरलेली सवय. दोन मिनिटांत भिंत एकसारखी झाली. फार सुंदर दिसत होती, हेही खरंच सांगतो.

बाहेर आलो. आबा ओट्यावर बसले होते. पेंटर हात धुवायला खाली विहिरीकडं निघाला होता.

"चौकट सोडली न्हवं?"

"आबा, घोटाळा झाला," मी म्हणालो. "त्या पेंटरला दहा वेळा सांगितलं, त्याला कळलंच नाही. मारून बसला."

आबांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "असं व्हय," म्हणाले.

संध्याकाळी मी पेंटरला चौफुल्याला सोडलं. पुढे त्याची टोळी दुसऱ्या कामावर गेली. त्याचं गाव कोणतं, हेही मी विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर मी ती गोष्ट किती ठिकाणी सांगितली असेल! लग्नाच्या पंगतीत, कँटीनमध्ये, एकदा तर पुण्यात दातांच्या डॉक्टरकडं, तोंडात कापूस असताना. गोष्टीतलं सगळ्यात गाजलेलं पात्र पेंटर. मी कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून त्याचा आवाज काढायचो, "साहब, पूरा मार दिया! एकदम फिनिशिंग!" तो असं कधी बोललाच नव्हता. पण माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. वस्तीतल्या लग्नात आबाही पलीकडं बसलेले असायचे. ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, आता त्यांना ऐकूही कमी येतंय.

पौर्णिमेला त्यांनी एकदाच त्या भिंतीवर बोट फिरवलं होतं. "गुळगुळीत झालं," म्हणाले. त्यानंतर मला तिथं ने, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

पहिल्या पावसात लेण्यात एक थेंब आला नाही. मी गावभर छाती काढून फिरलो. दुसऱ्या पावसात बाकाच्या वर भाकरीएवढा फुगा आला. तिसऱ्या पावसात तो फुटला, आणि रंगाच्या मागं दगडाचं सालपट चिकटून आलं.

पुढे पुरातत्त्व खात्यानं डागडुजी मंजूर केली. टेकाडावरचं पाणी वळवायला चर खणायचा, ओटा नीट करायचा, आतल्या भिंती तपासायच्या. कामावर पुण्याहून एक मॅडम आल्या. उंच, तुटक बोलणाऱ्या, कानावर पेन्सिल. आत शिरल्या आणि जागेवरच थांबल्या.

"हे काय आहे?"

"एपॉक्सी, मॅडम. ॲसिडप्रूफ," मी म्हणालो. सवयीनं थोडा वाकलोसुद्धा.

त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. मग एकदम ढप. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. टाकीचं कोटिंग सुटलंय का, हे आम्ही नाण्यानं वाजवून बघतो. धरलेलं असतं तिथं टणक वाजतं, सुटलेलं असतं तिथं रिकामं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मॅडम दाराशेजारच्या भिंतीपाशी पोचल्या आणि उजव्या टोकाला पुन्हा ढप झालं.

"पाणी आधी भिंतीतून बाहेर गळून जायचं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दार लावून घेतलंत. आता ते आतून दगडाचं साल ढकलतंय. रंग जिथे घट्ट आहे तिथे तो मऊ करणारा लेप लावून सावकाश निघेल. पोकळ वाजतंय तिथे दगड घेऊन निघेल."

"आणि अक्षरं?"

"कोणती अक्षरं?"

त्या दिवशी दुपारी मॅडम वही घेऊन आबांच्या समोर बसल्या. मी आबांना इतकं ताठ बसलेलं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "वरली ओळ," ते म्हणाले, "खांब, फाटा, डबा, क्रॉसिंग, कडी, फाटा, डबा, आसाचं चाक, खांब." मॅडम एकेक आकार काढत गेल्या. शेवटाला त्या थबकल्या.

"आजोबा, चाकाला वर काही जोडलंय का? डावीकडे, बारीक रेघ?"

"हाय की. ब्रेकच्या दांड्यावानी."

"मग ब्राह्मी लिपीत हे 'थे'. आणि खांब म्हणजे 'र'. थेर असू शकेल."

"म्हंजी काय?"

"ज्येष्ठ भिक्खू. वयानं, अनुभवानं मोठे असलेले."

"म्हंजी आबाच म्हना की," आबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. मग पुढं सरकून म्हणाले, "मग लिवा आता पाटीवर. लेणं म्हणून. माझ्या डोळ्यादेखत… म्हंजी, मी हाय तवर."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "मी बघितलेलं नाही, ठसा घेतलेला नाही. नुसत्या आठवणीवरून पाटीवर लिहिता येत नाही, आजोबा."

"भिंतीवर हाय की पर त्ये."

"आहे. तेच बघू ना, कसं बाहेर काढता येतंय."

ठरलं असं की आधी अक्षरांच्या बाजूला, जिथं काहीच कोरलेलं नाही, तिथं पोस्टकार्डाएवढ्या जागेत रंग काढून बघायचा. दुसऱ्या दिवशी मॅडम लेप घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. आबा ओट्यावर होते, दहा पावलांवर.

"ओळ कुठे संपते?"

मी भिंतीवर बोट ठेवलं. "इथं. ह्याच्या उजवीकडं कोरा दगड."

"नक्की?"

"नक्की, मॅडम. लहानपणापासून बघतोय."

मी ओट्यावर बसून काय बघत होतो ते वर सांगितलंच आहे. दहा पावलांवर माणूस बसला होता. त्याला विचारायला मला दोन शब्द पुरले असते.

लेप रात्रभर प्लॅस्टिकखाली ठेवला. सकाळी मॅडमनी पातळ पातं आत सरकवलं, आणि पापड मोडावा तसा आवाज होऊन रंगाचा तळहाताएवढा तुकडा अख्खा हातात आला. मागं भिंतीवर ताजा, पांढुरका, भुसभुशीत दगड. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, बघा, कोरा. मॅडमनी तुकडा उलटा केला आणि मऊ ब्रशनं त्यावरचा भुगा झटकला. मग तो माझ्यासमोर धरला.

तुकड्याच्या पाठीवर दोन अक्षरं उठून आली होती. माझा एपॉक्सी खाचेत शिरून बसला होता, आणि निघताना खाचेसकट दगड सोलून घेऊन आला होता.

"तुम्ही नक्की म्हणालात," मॅडम एवढंच बोलल्या.

तुकडा त्यांनी नेऊन आबांच्या हातावर ठेवला. आबांचं बोट त्यावरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"खांब आधी लागला. चाक त्याच्या मागं," ते म्हणाले. "गाडी उलटी जोडलीया."

"उलटा ठसा आहे, आजोबा. रंगावर उमटलेला."

"आन् भिंतीवर?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "भिंतीवर आता ही दोन नाहीत."

आबांनी मूठ मिटली, तुकडा मोडणार नाही एवढीच.

मग मॅडमनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. काय केलं, काय निघालं, सगळं जागच्या जागी लिहावं लागतं, म्हणाल्या. आधीचा रंग कसला? मी सांगितलं. कधी लावला? तेही सांगितलं. कुणी लावला?

तोंड आपोआप उघडलं. "एक बिहारचा पेंटर होता, मॅडम. त्याला दहा वेळा सांगितलं होतं, एवढी जागा सोड म्हणून, तर तो पठ्ठ्या…" माझा एक हात कमरेवर गेलासुद्धा.

"त्यो माझ्यापाशी बसला व्हता," आबा म्हणाले.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"पेंटर. हितंच, ह्या ओट्याव. त्याच्या आईचं डोळं बी गेल्यात म्हनला. म्या त्याला माझी गाडी म्हणून दावत व्हतो, खांब, फाटा, डबा. आत ब्रशचा आवाज येत व्हता." आबांनी मुठीतला तुकडा चाचपला. "त्यो उठाया लागला. म्हनला, बाबा, साहब उधर भी मार रहे हैं, वो तो छोडना था ना. म्याच त्याला खाली बसवला. म्हनलं, आपलाच हाय, बराबर करंल."

चर खणणाऱ्यांचे टिकाव वर चालू होते. मॅडमची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, पुढं गाव लिहिलं, आणि खालच्या रकान्याकडं गेल्या.

आबांना मोटरसायकलवरून घरी आणताना मी मागं न बघता विचारलं, "आबा, इतकी वर्षं बोलला का नाही तुम्ही?"

"तुझ्या तोंडून येईल म्हनलं."

आणखी काही म्हणतील म्हणून मी गाडी हळू केली.

आता ओटा नीट झाला आहे. वरून चर गेल्यामुळे पाणी बाजूला उतरतं. बाकीच्या भिंतींवरची माझी झळाळी बरीचशी उतरवली आहे. दगड पुन्हा काळा दिसतो, मध्ये मध्ये सोललेल्या गुडघ्यासारखा. दाराशेजारची भिंत मात्र तशीच ठेवली आहे. काही सुरक्षित उपाय सापडेपर्यंत तिला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. करड्या रंगाखाली बारा अक्षरं आहेत. उरलेली दोन कापसाच्या डबीतून पुण्याला गेली. दोनच अक्षरं, तीही रंगाच्या पापुद्र्यावर आणि उलटी. त्यांच्यावरून काय म्हणायचं ते वरिष्ठ ठरवतील, असं मॅडम म्हणाल्या. वरिष्ठांचं अजून ठरलेलं नाही. तोवर बाहेर पाटी लागली आहे: 'प्राचीन शैलगृह'.

चेअरमननी पाटीसमोर गाडी थांबवून मला हाक मारली.

"शैलगृह म्हंजी काय रं?"

"दगडात कोरलेलं घर."

"म्हंजी खोलीच की!"

एरवी मी त्यांना घरापर्यंत हसत पाठवलं असतं. त्या दिवशी मी पाटीवरची धूळ बाहीनं पुसली. ते जरा ओशाळून निघून गेले.

मॅडमनी माझ्याकडं एक काम दिलं आहे. महिन्यातून एकदा ती भिंत हलक्या हातानं वाजवायची, पोकळ आवाज कुठवर पोचला तिथं खडूनं रेघ मारायची आणि फोटो पाठवायचा. "आवाज तुम्हाला कळतो," म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या महिन्यात मी एकटाच निघालो होतो, तर आबा काठी घेऊन दारात उभे. तेव्हापासून ते येतात.

परवाच्या सुट्टीलाही आले. ओट्यावर न बसता आत आले आणि दाराला धरून उभे राहिले. मी नाणं काढून उजव्या टोकापासून वाजवत डावीकडं सरकत गेलो. ढप, ढप, ढप. मग टक. रेघ मारली.

"कुठवर आलं?"

"चाकाच्या जागेच्या जरा पुढं, आबा. डब्याला अजून धक्का नाही."

"दे हिकडं नाणं."

त्यांनी गाल भिंतीला लावला. डोळे मिटण्याची त्यांना गरज नव्हती, तरी मिटले. एकदा वाजवलं, थांबले, पुन्हा तिथंच वाजवलं. मग चाचपडत माझा खडूचा हात पकडला, भिंतीवर टेकवला आणि माझ्या रेघेपासून दोन बोटं पुढं सरकवला, डब्याच्या पलीकडं.

"हितं मार," म्हणाले.

मी तिथं रेघ मारली.